वाचकांचे प्रश्न : ब्रिम, चिलापी आणि पिसांची माशी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे गळाच्या मासेमारीच्या एका वेगळ्या प्रकाराविषयी आहेत. गळावर पिसे, दोरा आणि लोकर बांधून खोटा कीटक तयार करायचा आणि त्याने मासा धरायचा, असा हा प्रकार. इंग्रजीत त्या खोट्या कीटकाला फ्लाय म्हणतात; मी येथे ‘माशी’ हाच शब्द वापरतो. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे पाचही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत जॉर्जिया राज्यात असतो. सुटीच्या दिवशी तो तळ्यावर जाऊन फ्लाय फिशिंगने ‘ब्रिम’ नावाचे मासे धरतो. शब्दकोशात पाहिले, तर ब्रीम हा युरोपातला कार्पसारखा मासा असल्याचे दिसते. मुलाने पाठवलेल्या छायाचित्रातला मासा मात्र तसा नाही. हा मासा नेमका कोणता, आणि ही पद्धत आपल्या गळापेक्षा वेगळी कशी? येत्या एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे जाणार आहे. — एक वाचक, राजारामपुरी

शब्दकोशाचे चुकलेले नाही आणि आपल्या मुलाचेही नाही. एकच इंग्रजी नाव तीन खंडांत वेगवेगळ्या माशांना चिकटले आहे. युरोपातला ब्रीम कार्पच्या कुळातला असून तो तळाचा गाळ चाळून खातो. ऑस्ट्रेलियातला ब्रीम खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला, खेकडे आणि कोळंबी खाणारा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र हा शब्द ‘ब्रिम’ असा उच्चारतात आणि त्यात सनफिश कुळातले लहान मासे येतात. त्यांपैकी सर्वांत परिचयाचा म्हणजे ब्लूगिल. तळहातासारखे चपटे आणि उंच अंग, कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला काळा ठिपका आणि अगदी लहान तोंड, ही त्याची ओळख. बहुतेक ब्लूगिल तळहाताएवढेच असतात. आजवर गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या ब्लूगिलची नोंद १९५० साली अलाबामा राज्यातल्या केटोना तळ्यावर झाली; त्याचे वजन ४ पौंड १२ औंस, म्हणजे सुमारे २.१५ किलो होते. तोंड लहान आहे ही गोष्ट मात्र आपण मनाशी पक्की ठेवावी, कारण गळाचा आकार, माशीची बांधणी आणि झटका देण्याची वेळ या तिन्ही गोष्टी तिच्यावरून ठरतात.

आता पद्धतीविषयी. आपल्याकडे दोऱ्याच्या टोकाला शिसे किंवा आमिष असते आणि ते वजन फेकले की बारीक दोरा त्याच्यामागे ओढला जातो. पिसांच्या माशीला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती फेकता येत नाही. म्हणून या पद्धतीत वजन दोरीत घातलेले असते. प्लास्टिकचा लेप दिलेली ही जाड दोरी (तिला लाइन म्हणतात) काठीच्या लवचीकपणाने मागे आणि पुढे उलगडायची, म्हणजे ती आपल्याबरोबर माशीलाही घेऊन जाते. लाइनचे क्रमांक तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतात : चार क्रमांकाची लाइन १२० ग्रेन, म्हणजे सुमारे ७.८ ग्रॅम, आणि पाच क्रमांकाची १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम भरते. ब्रिमसाठी तीन ते पाच क्रमांकाची लाइन, त्याच क्रमांकाची साडेसात ते नऊ फुटांची काठी आणि लाइनच्या टोकाला साडेसात फुटांचा निमुळता होत गेलेला नायलॉनचा धागा पुरेसा होतो. या धाग्याचे शेवटचे टोक ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर जाडीचे असावे.

आपण एप्रिलमध्ये जात आहात हे उत्तम झाले. पाणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले, की ब्लूगिलचे नर काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने वाळू-खडी झाडून परातीएवढे गोल खळगे करतात आणि ते एकमेकांना खेटून असतात. माद्या त्यांत अंडी घालून जातात. नर थांबून राखण करतात आणि खळग्यावर येणाऱ्या कोणत्याही लहान वस्तूवर धावून जातात. काठावरून पाहिले तर हे खळगे फिकट चकत्यांसारखे दिसतात. अशा ठिकाणी नवशिक्यालाही मासे लागतात. तरीही खळग्यावरचे सर्वांत मोठे नर शक्यतो सोडून द्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोठे राखणदार सतत काढून नेले, तर उरलेले नर लहान वयातच प्रजननाला लागतात, त्यांची वाढ खुंटते आणि काही वर्षांत त्या तळ्यात केवळ बोटाएवढे मासे उरतात. तिकडे मासेमारीचा परवाना राज्यवार घ्यावा लागतो. तो पाहुण्यालाही चुकत नाही.

प्रश्न : कोल्हापूर परिसरात ट्राउट नाही आणि ब्रिमही नाही. मग पंचगंगेवर किंवा एखाद्या तलावावर ही पद्धत शिकता येईल का? — एक वाचक, कळंबा

शिकता येईल, आणि त्यासाठी आपल्या बाजारात रोज दिसणारी चिलापी पुरेशी आहे. चिलापी म्हणजे तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि पुढे धरणांच्या जलाशयांपासून गावतळ्यांपर्यंत सर्वत्र पसरला. ब्लूगिलशी तिचे कुळाचे नाते नाही. ठेवण मात्र विलक्षण सारखी आहे : उंच, चपटे अंग, पाठीवर काटेरी पर, लहान तोंड आणि उथळ पाण्यात खळगे करणारे नर. फरक आहे तो खळग्यानंतरच्या गोष्टीत. आपल्याकडे पसरलेल्या चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते, पिल्लेही काही काळ तिच्या तोंडातच आसरा घेतात आणि त्या दिवसांत ती जवळजवळ काही खात नाही. खळग्यावर थांबलेला मासा म्हणजे बहुधा नर, आणि तो भुकेने नव्हे तर आपली हद्द राखण्यासाठी तोंड मारतो. एरवी चिलापीचे खाणे शेवाळ, गाळातले सेंद्रिय कण आणि पाण्यातल्या अळ्या असे असल्यामुळे ब्लूगिलइतक्या उत्साहाने ती पृष्ठभागावर येत नाही. म्हणून तरंगणाऱ्या माशीपेक्षा हळूहळू बुडणारी, अळीसारखी माशी येथे अधिक उपयोगाची ठरते.

ऋतूचा विचार पाण्याच्या रंगावरून करावा. पावसाळ्यात कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या जे गढूळ पाणी घेऊन प्रयाग चिखलीला एकत्र येतात, त्यात माशाला माशी दिसणारच नाही, आणि हा सारा खेळ दिसण्याचा आहे. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते, परंतु चिलापी उबदार पाण्यातली असल्यामुळे ऐन थंडीत ती मंदावते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांतली सकाळ, ऊन तापण्यापूर्वीचे दोन-तीन तास, ही मला सर्वांत चांगली वेळ वाटते. तलाव आणि जलाशय पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांच्या लोकांना आधी भेटावे, काय करणार आहोत ते सांगावे आणि परवानगी घेऊनच काठावर उभे राहावे. त्यांचे पोट त्या पाण्यावर आहे आणि आपला तो छंद आहे, याचे भान सुटू नये.

रंकाळ्याच्या फिरायच्या वाटेवर हा प्रयोग कृपया कोणी करू नये. लाइन पुढे जाण्याआधी तितकीच मागे उलगडते, त्यामुळे पाठीमागे तीस-चाळीस फूट मोकळी जागा लागते, आणि मागून चालणाऱ्या माणसाच्या डोळ्याला गळ लागण्याचा धोका खरा आहे. पहिला महिना पाण्याकडे न जाता मोकळ्या मैदानावर, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून सराव करावा. काठी घड्याळातल्या एक आणि दहाच्या आकड्यांमध्ये हलवावी. मागे नेल्यावर लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे आणि मगच पुढे आणावी. जवळजवळ सर्व नवशिके हे थांबणेच विसरतात. पुढे पाण्यावर गेल्यावर चष्मा आणि टोपी अनिवार्य समजावी.

धरलेली चिलापी परत सोडण्याचा आग्रह मी धरणार नाही. ती बाहेरून आलेली आहे, तिने स्थानिक माशांची जागा व्यापली आहे आणि ती खायलाही चांगली आहे. चुकून खडस, म्हणजे महसीर लागला, तर मात्र हात ओले करून गळ काढावा आणि त्याला पाण्यातच सोडून द्यावे.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा व्यवसाय आहे आणि हाताने बारीक काम करण्याची आवड आहे. माशी बांधण्याचे परदेशी साहित्य फार महाग दिसते. आपल्या भागात मिळणाऱ्या वस्तूंतून ती बांधता येईल का? कोणती माशी आधी शिकावी? — एक वाचक, इचलकरंजी

आपले पत्र वाचून मला विशेष आनंद झाला, कारण या कलेला लागणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या जिल्ह्यात हाताच्या अंतरावर आहेत आणि आपण तर सुताच्याच गावात राहता. विकत घ्यावेत ते फक्त गळ : लांब दांडीचे, बारीक तारेचे, दहा आणि बारा क्रमांकाचे. (या मापात क्रमांक वाढला की गळ लहान होतो, हे घेताना लक्षात ठेवावे.) मोठा गळ ब्रिमच्या किंवा चिलापीच्या तोंडात मावत नाही, मासा पिसे ओढतो आणि निघून जातो. गळाचा उलटा काटा बांधायला बसण्याआधीच पकडीने दाबून सपाट करावा. मासा सोडताना तो सुखरूप सुटतो आणि बोटात गेलेला गळही सहज निघतो.

गळ धरून ठेवायला सोनारकामाचा लहान हँड व्हाइस टेबलाला आवळून चालतो. बांधायला बारीक पॉलिएस्टरचा शिलाईचा दोरा घ्यावा. अंगासाठी सूत घेताना एक भेद जपावा : सुती धागा पाणी पितो आणि बुडतो, पॉलिएस्टर तसा पीत नाही. म्हणून बुडणाऱ्या माशीला पीळ उकललेले सूत किंवा लोकर वापरावी आणि तरंगणाऱ्या माशीत सूत मुळीच घालू नये. तांब्याची बारीक तार कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारीचे वाइंडिंग करणाऱ्यांकडे उरलेली मिळते. फ्रँक सॉयर हे इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांची आणि तांब्याच्या तारेची एक माशी बांधत. त्यात दोराच नसे. तारच दोऱ्याचे काम करी आणि वजनही देई. ती माशी आज जगभर वापरली जाते, ब्रिमसाठीसुद्धा.

पिसांसाठी गावठी कोंबड्याच्या मानेवरची पिसे सर्वांत चांगली. कोंबडीच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवल्यास तो ती बाजूला ठेवतो. नराची पिसे ताठ आणि लवचीक असतात, ती माशीला पाण्यावर उचलून धरतात. मादीची पिसे मऊ असतात, ती पाण्याखाली हलतात आणि बुडणाऱ्या माशीला जिवंतपणा देतात. ब्रॉयलरची पांढरी पिसे या कामाला निरुपयोगी आहेत. पिसे कोमट पाण्यात शाम्पू घालून दोनदा धुवावीत, सावलीत पूर्ण वाळवावीत आणि डब्यात डांबराच्या गोळीसह ठेवावीत, नाहीतर कसर लागून महिन्याभरात त्यांचा भुसा होतो. माझा पहिला साठा असाच गेला.

पहिली माशी तरंगणारा कोळी ही बांधावी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या २ मिलिमीटर जाडीच्या फोमच्या शीटमधून ४ ते ५ मिलिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर लांब पट्टी कापावी आणि तिचे एक टोक निमुळते करावे. गळाच्या दांडीवर डोळ्यापासून (म्हणजे धागा ओवायच्या भोकापासून) मागे दोऱ्याचे जवळजवळ वेढे घालून पाया तयार करावा, कारण नुसत्या गुळगुळीत लोखंडावर फोम फिरतो. निमुळते टोक मागे राहील अशा रीतीने पट्टी दांडीवर ठेवून डोळ्यापासून एक-तृतीयांश अंतरावर पाच-सहा वेढ्यांनी आवळावी. दोरा एकदम ताणल्यास फोम कापला जातो, म्हणून पहिले दोन वेढे सैल आणि पुढचे घट्ट घ्यावेत. पायांसाठी कपड्याच्या इलॅस्टिकमधले रबरी धागे सोडवून घ्यावेत आणि आवळलेल्या त्या कमरेवर दोन्ही बाजूंना एकेक धागा मधोमध बांधावा, म्हणजे चार पाय फुलीसारखे बाहेर येतात. शेवटी तीन-चार अर्ध्या गाठी आणि त्यांवर नखांना लावायच्या रंगहीन पॉलिशचा थेंब. रंग काळा किंवा पिवळा घ्यावा. पाण्यावर पडल्यानंतर हे पाय आपोआप थरथरत राहतात आणि ब्रिमला तेवढे पुरते.

दुसरी माशी चिलापीसाठी. बारा क्रमांकाच्या गळावर तांब्याच्या तारेचे सात-आठ वेढे मध्यभागी घेऊन वजन द्यावे, त्यावर तपकिरी किंवा हिरवट सूत मागून पुढे जाडसर होत जाईल असे गुंडाळावे, त्यावरून बारीक तार उलट्या दिशेने विरळ फिरवावी म्हणजे अळीच्या अंगावरच्या वळ्या दिसतात, आणि डोळ्यामागे मऊ पिसाचा एकच वेढा द्यावा. दोन वेढे दिले की माशी बुडायला वेळ लावते. हात बसला, की मॅकगिंटी ही ब्रिमसाठी नावाजलेली जुनी माशी करून पाहावी. तिचे अंग मधमाशीसारखे पिवळ्या आणि काळ्या पट्ट्यांचे असते, आणि आपल्याकडे त्या दोन रंगांचे धागे खचितच पडून असतील.

नवशिक्यांचा एक दोष मी वारंवार पाहिला आहे. साहित्य पुढे पुढे सरकत गळाच्या डोळ्यापर्यंत येते आणि मग गाठ मारायला जागा उरत नाही. डोळ्यामागे त्याच्या रुंदीच्या दुप्पट जागा प्रथमपासून रिकामी ठेवावी.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या वस्तूंत इंग्रजांच्या काळातल्या रंगीबेरंगी माश्यांची एक पेटी सापडली. काही माश्यांवर काळसर पीस असून त्यावर मेणासारखा पांढरट-पिवळा ठिपका आहे. हे कोणत्या पक्ष्याचे पीस? अशा माश्या वापराव्यात की विकाव्यात? घरात सगळे म्हणतात, हा साहेबांचा नाद होता. — एक वाचिका, शाहूपुरी

आपण केलेल्या वर्णनावरून ते राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस असावे. हा पक्षी आपल्याच सह्याद्रीतला. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे त्याची आरवणी ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सामन माशासाठी ज्या शोभिवंत माश्या बांधल्या जात, त्यांवर डोळ्यासारखा दिसणारा हा ठिपका हवाच असे, आणि त्या हौसेपायी या पक्ष्याची पिसे मोठ्या प्रमाणात परदेशी गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो आज संरक्षित आहे आणि त्याच्या पिसांचा व्यापार करता येत नाही. म्हणून पेटी विकण्याचा विचार सोडावा, ती घेऊन वनविभागाच्या कार्यालयात विचारणा करावी आणि त्या माश्या पाण्यात तर मुळीच वापरू नयेत. इतक्या जुन्या गळांची तार आतून गंजलेली असते. मोरपिसाच्या हिरव्या तंतूंचे अंग माशीला फार सुंदर दिसते, पण तेथेही आपोआप गळून पडलेले पीसच घ्यावे आणि ते परदेशी मात्र पाठवू नये, कारण त्याच्या निर्यातीला बंदी आहे. ब्रिम आणि चिलापी यांना यांपैकी कशाचीच गरज नाही.

साहेबांच्या नादाविषयी थोडेसे. पिसांच्या माशीने मासा धरण्याचे सर्वांत जुने स्पष्ट वर्णन सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधत, असे इलियन या रोमन लेखकाने लिहिले आहे. पिसांची माशी बाहेरून आली हे खरे, पण गळाचा छंद आपल्याकडे साहेबाने आणलेला नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे आणि त्यात माशांचे प्रकार व त्यांना द्यायचे आमिष यांचा राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून विचार केलेला आहे. त्या काळी आपले कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते. सासऱ्यांच्या पेटीकडे पाहताना हेही आठवावे, असे वाटते.

प्रश्न : दोन वर्षे फ्लाय फिशिंग करतो आहे. मासा माशीला तोंड लावतो हे दिसते, पण मी काठी उचलेपर्यंत तो सुटलेला असतो. दहांपैकी आठ वेळा असेच होते. — एक वाचक, राधानगरी

लहान तोंडाचा मासा माशीला चावत नाही. तो कल्ले फुगवून पाण्यासकट तिला आत ओढतो आणि खोटी वाटली की तितक्याच झटपट बाहेर फेकतो. त्या क्षणभरात लाइन ताणलेली नसेल, तर आपण काठी कितीही वेगाने उचलली तरी आधी ढील संपते आणि तोवर मासा गेलेला असतो. म्हणून दोष हाताच्या वेगाचा नसून ढिलाईचा असावा. माशी पाण्यावर पडताच काठीचे टोक पाण्याच्या अगदी जवळ आणावे, लाइन काठी धरलेल्या हाताच्या बोटाखालून घ्यावी आणि दुसऱ्या हाताने सैल भाग ओढून सरळ करावा. तरंगणारी माशी असेल, तर तिच्या पडण्याने उठलेली वर्तुळे पूर्ण विरेपर्यंत तिला हलवू नये. नंतर बोटभर ओढावे आणि पुन्हा थांबावे. ब्रिम बहुधा या दुसऱ्या थांब्यात घेतो. बुडणाऱ्या माशीसाठी नजर लाइन आणि नायलॉन यांच्या जोडावर ठेवावी. तो जोड थबकला, किंचित बाजूला सरकला किंवा नेहमीपेक्षा लवकर बुडाला, की मासा आहे असे समजावे, धक्का जाणवण्याची वाट पाहू नये. आणि झटका देताना काठी वर न उचलता लाइनच हाताने वीतभर मागे ओढावी. मासा चुकला तरी माशी त्याच्यासमोरच राहते आणि पुष्कळदा तो पुन्हा वळतो.

एवढे करूनही सुटत असेल, तर गळाकडे पाहावे. त्याचे टोक नखावर हलके टेकवून ओढले असता घसरले, तर ते बोथट झाले आहे. कानशीने धार लावावी. धार ठीक असेल, तर बारा क्रमांकाच्या जागी चौदा क्रमांकाचा गळ बांधून पुढच्या रविवारी पुन्हा जावे.